झाड खाली आणणारा माणूस

झाड कापायला फारसे पैसे लागत नाहीत. पैसे लागतात ते झाड खाली आणायला. करवत काय, कुणीही चालवेल. पण कापलेला ओंडका कुठे, किती वेगाने आणि कशालाही न लागता जमिनीवर उतरणार, याचं उत्तर ज्याच्याकडे असतं त्याच्या अंदाजाचे आपण पैसे मोजत असतो. आवारातला गुलमोहर काढायची वेळ आली त्या काळात हे मला हळूहळू उमगत गेलं. आता रस्त्यात कुठे फांद्या उतरवायचं काम चालू दिसलं की पाय थबकतात आणि नजर वर चढलेल्या माणसाच्या आधी खाली दोर धरून उभ्या असलेल्या माणसाकडे जाते. तो कुठे बघतोय, दोर स्वतःच्या हाताला गुंडाळलाय की बुंध्याला, एवढ्यावरून टोळी कशी आहे ते बरंचसं कळतं.

गुलमोहर मूळचा मादागास्करचा. उष्ण कटिबंधात जिथे जिथे लोकांना सावली आणि शोभा दोन्ही लवकर हवी होती, तिथे तिथे तो जाऊन बसला. भराभर वाढतो, उंचीपेक्षा रुंदीला जास्त पसरतो, फुलला की माणसं मान वर करून चालतात. या घाईचा हिशोब मग लाकडात चुकता होतो. लाकूड ठिसूळ, मुळं उथळ आणि दूरवर गेलेली. आमचा गुलमोहर वडिलांनी लावलेला आणि शेजाऱ्यांच्या छपराकडे कललेला. वारा सुटला की शेजारच्या काकू कुंपणाशी येऊन म्हणायच्या, “तुमच्या झाडाचं काहीतरी बघा हो.” आम्ही बघतो म्हणायचो आणि वारा पडला की विषयही पडायचा. मग एका रात्री मांडीएवढी फांदी कुंपणावर आली. कुणाला लागलं नाही, पण त्यानंतर घरात ‘काढायचं का’ हा प्रश्न उरला नाही, ‘कुणाकडून काढायचं’ एवढाच राहिला. आईने एक अट घातली: “काढायचं तर काढा, पण मी घरात असताना नको.”

पहिला माणूस आला तो फाटकातूनच वर बघून आकडा सांगून मोकळा झाला. मुरलेला शिंपी गिऱ्हाईक दारात उभं असतानाच कापड किती लागेल ते सांगतो, तशातला प्रकार. आकडा कमी होता. “दोन पोरं पाठवतो, दुपारपर्यंत जागा साफ.” लाकूड कुणाचं? “आमचं.” छपराला काही झालं तर? “काही होत नाही हो, रोजचंच काम आहे.” लिहून द्याल का, म्हटल्यावर तो जरा दुखावलाच. माणूस वाईट नव्हता. रोज झाडं पाडत असणार आणि बहुतेक वेळा खरंच काही होत नसणार. पण ‘बहुतेक वेळा’ हे शब्द दुसऱ्याच्या छपरावर लटकत असले की पुरेसे वाटत नाहीत.

दुसऱ्यांनी फोटो मागवून घेतले आणि फोनवरच भाव दिला. पहिल्याच्या कितीतरी पट. क्रेन, ट्रक, मोठी यंत्रं, सगळं आलं त्यात. त्यांचा भाव अवाच्या सवा होता असं मला आजही वाटत नाही. क्रेन दारात उभी राहिली की तिचं भाडं चालू होतं, मग ती फांदी उचलो वा नुसती उभी राहो. आमच्या झाडाला क्रेन लागते का, हे मात्र फोटोवरून ठरणार नव्हतं.

तिसरा माणूस आसपासच राहणारा. वृक्षतज्ज्ञ म्हणून रीतसर शिकलेला, पण बोलणं-चालणं सगळं अंगमेहनतीच्या माणसाचं. तो आला आणि वर बघितलंच नाही. आधी जमीन बघत फिरला. झाडाच्या कलाच्या उलट बाजूला उकिडवा बसला, पालापाचोळा हाताने बाजूला सारला आणि बोटभर रुंदीची एक भेग दाखवली. माती तिथे किंचित उचललेली होती. आम्ही त्या जागेवरून रोज जात होतो. मग पिशवीतून लाकडी हातोडा काढून त्याने बुंध्याभोवती ठोकत फेरी मारली. एका बाजूला टणक, आखूड आवाज. थोडं पुढे गेलं की तोच आवाज लांबट, भरदार. फरक मलाही ऐकू आला. बुंधा जिथे मुळांत उतरतो तिथे टणक बुरशीचा एक थर बाहेर आला होता, वरून तपकिरी, चकचकीत, कडेने पांढरट. आम्ही त्याला इतके दिवस अळंबी समजत होतो. “ही गॅनोडर्मा,” तो म्हणाला. “बाहेर एवढी दिसते म्हणजे आत बराच काळ जेवतेय.”

त्यानंतर तो जे बोलला त्यामुळे मी कामाचा निर्णय तिथेच घेऊन टाकला. “झाड काढायला हरकत नाही. पण पोकळ आहे म्हणून काढू नका. पोकळ झाडं उभी राहतात. हे काढायचं ते मुळांसाठी.”

पोकळ झाड म्हणजे मरायला टेकलेलं झाड, असा आपला सरसकट समज असतो. ढोली दिसली की करवत. प्रत्यक्षात गाभ्याचं लाकूड तसंही मृतच असतं. पाणी वर नेणारं आणि वाढणारं सगळं काही बाहेरच्या थरांत. ताकदीचंही तसंच. वाकवणाऱ्या जोराला खोड तोंड देतं त्यात बाहेरच्या कडेच्या लाकडाचा वाटा सगळ्यात मोठा आणि मध्याचा नगण्य. बरोबर मधोमध, व्यासाच्या निम्मी पोकळी असेल, तर खोडाची वाकण्याला विरोध करायची ताकद सुमारे ६ टक्केच कमी होते. पोकळी व्यासाच्या ७० टक्क्यांवर गेली तरी तीन चतुर्थांश ताकद शाबूत. म्हणून झाडांच्या ताकदीचे जर्मनीतले अभ्यासक क्लाउस मातेक यांनी १९९० च्या दशकात एक आडाखा मांडला: भोवतालची निरोगी भिंत त्रिज्येच्या साधारण ३० टक्के उरली आहे तोवर खोड सहसा मोडत नाही, त्याच्या खाली गेली की सावध व्हायचं. आडाखाच तो. भिंतीला एका बाजूने भगदाड असेल किंवा वाळवीने दोन ठिकाणी पोखरलं असेल तर हे गणित गडगडतं, आणि इतर तज्ज्ञांनी त्यावर हरकतीही घेतल्या आहेत. पण निदान ‘पोकळ म्हणजे पाडा’ या आपल्या सवयीपेक्षा तो बरा.

मुळांची गोष्ट वेगळी. झाडाची मुळं खोल पाताळात जातात अशी आपली कल्पना. बहुतेक झाडांची बहुतेक मुळं वरच्या दोनेक फुटांत असतात आणि फांद्यांच्या घेराबाहेर कितीतरी दूर गेलेली असतात. कललेलं झाड उभं असतं ते कलाच्या उलट बाजूच्या मुळांनी मागे ओढून धरलेलं असतं म्हणून. तीच मुळं कुजली आणि तिथलीच जमीन उचलली गेली, की झाड हिरवंगार असताना, फुललेलं असताना, मुळासकट आडवं होतं. आमच्याकडे ती भेग नेमकी त्याच बाजूला होती.

घरामागे दुसरं एक झाड आहे. आता माणूस आलाच आहे तर दोन्ही एकदम काढून टाकू, भावात सूटही मिळेल, असा घरातल्या एका व्यवहारी डोक्याचा सूर होता. त्या तिसऱ्या माणसाने त्या झाडाभोवतीही हातोडा घेऊन फेरी मारली. “ठणठणीत आहे. कशाला काढताय?” म्हणाला आणि परत गुलमोहराकडे आला. हातातलं काम सोडून देणारा माणूस भेटला की त्याच्या भावात घासाघीस करायला जीभ रेटत नाही.

गुलमोहराच्या या अवस्थेमागे त्याला एक जुनं कारणही दिसलं. पुष्कळ वर्षांपूर्वी कुणाकडून तरी आम्ही शेंडा ‘हलका’ करून घेतला होता, म्हणजे मुख्य फांद्या मधूनच छाटून खुंट ठेवले होते. दिसायला आटोपशीर झालं होतं झाड. शेंडा असा उडवला की झाड घाबरून धुमारे फोडतं. ते धुमारे बाहेरच्या थरातून निघालेले, खोलवर गुंतलेले नसतात, आणि वाढतात मात्र झपाट्याने. थोड्या वर्षांत उंची होती तेवढी, फांद्या पूर्वीपेक्षा कमकुवत, आणि खुंटांतून कूज आत उतरलेली. कुंपणावर पडलेली फांदी अशाच एका खुंटावरची होती. स्वस्तात केलेल्या छाटणीचा हप्ता असा उशिरा वसूल होतो.

झाडाच्या जखमेबद्दल ज्याने जगाला शहाणं केलं तो अमेरिकेच्या वनखात्यातला संशोधक, अ‍ॅलेक्स शिगो. हजारो झाडं त्याने चेनसॉने उभी चिरून आत पाहिली. १९७७ च्या सुमारास त्याने मांडलेलं म्हणणं असं की झाडाची जखम आपल्या जखमेसारखी भरून येत नाही. खराब झालेली पेशी झाड दुरुस्त करत नाही. ती जागा चारी बाजूंनी भिंती घालून कोंडून टाकतं आणि बाहेर नवं लाकूड घालत पुढे जातं. भिंती टिकल्या तर कूज तेवढ्याच जागेत राहते. फांदी खोडाला जिथे मिळते तिथे सालीची एक फुगीर कड असते, ती या बंदोबस्ताची जागा. छाटणी त्या कडेच्या लगेच बाहेर करायची: कड कापली तर बंदोबस्तच गेला, लांब खुंट ठेवला तर झाडाला तो बंद करता येत नाही. कापल्या जागी रंग किंवा डांबर फासायची प्रथा शिगोने तपासली आणि त्याने कूज थांबत नाही असं दाखवून दिलं. तरी डब्यात ब्रश बुडवणारे हात काही थांबलेले नाहीत. रंग लावला की काहीतरी केल्यासारखं वाटतं, एवढाच त्याचा उपयोग.

आता पैशांकडे येतो, कारण ‘परवडणारा’ माणूस शोधत होतो हे लपवायचं कारण नाही.

झाडाची उंची हा भावातला एक भाग झाला, आणि सहसा तो सगळ्यात मोठा नसतो. खाली काय आहे ते महत्त्वाचं. मोकळ्या मैदानातलं उंच झाड एका कापात आडवं होतं. दोन घरांच्या मधलं त्याच्या निम्म्या उंचीचं झाड तुकड्या-तुकड्याने, दोराने उतरवावं लागतं. विजेच्या तारा जवळ असतील तर आणखी वेगळा मामला: तारेपासून निदान ३ मीटर अंतर हवं, आणि त्यापेक्षा जवळ काम असेल तर वीज कंपनीला कळवून पुरवठा बंद करून घेतल्याशिवाय हात लावायचा नाही. त्यानंतर लाकूड आणि पाला उचलून न्यायचा खर्च, त्यानंतर बुडखा. हे सगळं एका आकड्यात कोंबलेलं असतं. आकडा फोडून मागितला की घासाघीस करायची गरजच पडत नाही. कुठली कामं आपली आपण करता येतील ते दिसायला लागतं.

आम्ही तसंच केलं. डहाळ्यांचा चुरा करून आवारातच टाकायला सांगितला. झाडांच्या आळ्यात दोन-चार इंच जाडीचं आच्छादन म्हणून तो उत्तम, फक्त खोडाला टेकवायचा नाही. ओंडके हाताळता येतील एवढ्या लांबीचे कापून भिंतीशी रचून ठेवायला सांगितले, ते पुढे ज्याला हवे त्याने नेले. ट्रकच्या फेऱ्या वाचल्या आणि आकडा चांगलाच खाली आला. तारीखही त्याच्यावर सोडली. वादळानंतरच्या आठवड्यात सगळ्यांना एकदम हा माणूस हवा असतो, तेव्हा भाव चढतात आणि दारोदार फिरणारे नवखे करवतवालेही तेव्हाच उगवतात. कामं कमी असतात त्या दिवसांत, पानगळ झालेली असताना, काम हलकंही असतं आणि आतलं सगळं दिसतंही.

जागा असेल तर आणखी एक मार्ग त्याने सुचवला होता: फांद्या उतरवून खोड पुरुषभर-दोन पुरुष उंचीचं उभंच ठेवायचं. पडलं तरी कशावर पडणार नाही एवढी उंची. पक्षी, किडे, सगळ्यांची सोय होते आणि निम्मं काम वाचतं. आमची मुळंच गेलेली असल्यामुळे ते जमणार नव्हतं, पण ज्यांच्या मागच्या अंगणात वाळलेलं झाड आहे त्यांनी विचार करावा.

उशीर मात्र कधीही स्वस्त पडत नाही. वाळून काही वर्षं उभं राहिलेलं झाड जिवंत झाडापेक्षा महाग पडतं, हे ऐकून मला आधी नवल वाटलं. कारण साधं आहे. चढणारा माणूस ज्या फांदीला स्वतःचा दोर बांधतो तिच्यावर त्याचा जीव असतो. वाळलेल्या, कुजलेल्या झाडात अशी फांदी उरत नाही. मग क्रेन किंवा माणसाला वर उचलणारा यंत्राचा पाळणा आणावा लागतो.

आणि जिथे एक रुपयाही कमी करू नये त्या जागा म्हणजे दोर, खालचा माणूस आणि विमा. विम्याचा कागद मागायला संकोच वाटतो खरा. पण आपल्या आवारात कुणी वीस फुटांवरून पडलं तर पुढे काय, हा प्रश्न त्याच्यापेक्षा आपला जास्त असतो. वृक्षतज्ज्ञाच्या प्रमाणपत्राचंही तसंच. आंतरराष्ट्रीय वृक्षसंवर्धन संस्था १९२४ पासून आहे. तिची परीक्षा द्यायला आधी अनुभव दाखवावा लागतो आणि प्रमाणपत्र दर तीन वर्षांनी नव्याने टिकवावं लागतं. प्रत्येक चांगल्या माणसाकडे ते असेलच असं नाही. नसेल तर त्याला एक साधा प्रश्न विचारावा: न काढायच्या झाडावर छाटणीसाठी चढताना बुटांना खिळे लावता का? हो म्हणाला तर नमस्कार करून निरोप द्यावा. जिवंत झाडाला ते खिळे पावलागणिक भोकं पाडतात. काढायच्याच झाडावर खिळे चालतात, कारण त्याला आता जखमेचं काही नाही.

परवानगीच्या भानगडीची आठवणही आमच्या या माणसानेच करून दिली. आपल्या आवारातलं, आपणच लावलेलं झाड असलं तरी पुष्कळ ठिकाणी ते काढायला स्थानिक प्रशासनाची लेखी परवानगी लागते. जो ‘परवानगीचं मी बघतो’ म्हणतो पण कागद दाखवत नाही, त्याच्या चुकीचा दंड झाडाच्या मालकाला पडतो. आमच्या अर्जाला त्याने भेगेचे आणि बुरशीचे फोटो जोडून दिले, खाली चार ओळींचं निदान. काम सुरू करायच्या आधी घरटी आहेत का तेही तो बघून गेला.

कामाच्या दिवशी आई मावशीकडे गेली. मी राहिलो, दोन झाडांच्या उंचीएवढं अंतर ठेवून, म्हणजे जवळजवळ रस्त्याच्या पलीकडे. एवढ्या लांब कशाला, असं विचारल्यावर तो हसला. “पडणारं झाड उंचीएवढंच लांब येतं. पण ते ज्याच्यावर पडतं ते उडून येतं ना.”

आधी वाळूची छोटी पिशवी बांधलेली बारीक दोरी वरच्या बेचक्यातून पलीकडे भिरकावली गेली. ती दोन वेळा हुकली, तिसऱ्यांदा बसली. तिच्यामागून जाड दोर वर गेला. चढणारा मुलगा अंगाने किडकिडीत, त्याच्या हार्नेसला छोटा चेनसॉ लटकत होता. फांदीला बांधायचा दुसरा दोर कप्पीतून येऊन बुंध्याला घट्ट बांधलेल्या लोखंडी नळकांड्याभोवती वेढे घेऊन खालच्या माणसाच्या हातात गेला होता. खालचा माणूस वयाने मोठा, कुणाशी न बोलणारा. वरून हाक यायची, “तयार?” खालून “हं” आल्याशिवाय यंत्र फांदीला लागायचं नाही.

या नळकांड्यात सगळं कसब आहे. ओलं लाकूड फार जड असतं, एक घनमीटर म्हणजे ८०० ते १००० किलो. दोन फूट व्यासाचा, मीटरभर लांबीचा ओंडका अडीचशे किलोच्या घरात जातो. तो सुटून थोडा खाली आला आणि दोराने त्याला खाडकन थांबवलं, तर त्या क्षणी दोरावर, कप्पीवर आणि ज्या खोडाला माणूस बिलगलेला आहे त्या खोडावर वजनाच्या कितीतरी पट झटका बसतो. म्हणून खालचा माणूस दोर थांबवत नाही, पळू देतो. वेढ्यांवरच्या घर्षणाने वेग मरत जातो आणि ओंडका शेवटच्या दोनेक हातांत अलगद येऊन टेकतो. किती वेढे घ्यायचे, किती पळू द्यायचं, याचा तक्ता त्याच्याकडे नव्हता. प्रत्येक फांदीआधी तो वर बघायचा, ओठ जरा हलायचे, मग एक वेढा वाढवायचा किंवा काढायचा. छपराच्या बाजूची सगळ्यात जाड फांदी उतरली तेव्हा तिची टोकाची पानं कौलांवरून घासत गेली. कौल एकही हललं नाही. काकू खिडकीत होत्या.

पहिल्या माणसाच्या कमी आकड्यात हा खालचा माणूसच नव्हता, हे मला तेव्हा कळलं. त्याची ‘दोन पोरं’ म्हणजे एक वर आणि एक पाला गोळा करायला.

शेवटी दहा-बारा फुटांचं नुसतं खोड उरलं आणि ते अंगणाच्या मोकळ्या बाजूला पाडायचं ठरलं. कल उलट दिशेला, म्हणून दोर लावून आधीच ताण दिला. ज्या बाजूला पाडायचं त्या बाजूला आधी फाकीसारखी खाच घेतली, मग मागून काप. हा मागचा काप पुढच्या खाचेला भेटू द्यायचा नसतो. मध्ये व्यासाच्या दहाव्या हिश्श्याएवढी लाकडाची पट्टी सोडायची. तिला बिजागरीच म्हणतात आणि ती बिजागरीचंच काम करते. खोड तिच्यावर वळत खाली येतं, दिशा तीच ठरवते. बिजागरी कापून टाकली की खोड कुठेही जायला मोकळं. आमच्या खोडाची कूज बघून त्याने काप नेहमीपेक्षा बराच वर घेतला होता, कारण कुजलेल्या लाकडाची बिजागरी काही धरत नाही.

खोड पडल्यावर त्याने मला बोलावून कापलेला बुंधा दाखवला. बाहेरचा पट्टा पिवळसर, ओला, निरोगी. आत तपकिरी, बोटाने दाबलं तर दबणारं. दोन्हींच्या मधोमध गडद रंगाची एक रेघ, सगळीकडे सारखी नाही, पण एका बाजूला अगदी ठळक. शिगोच्या भिंती त्या ह्याच. छपराच्या बाजूला शाबूत होत्या. भेग पडली होती त्या बाजूला रेघ सालीपर्यंत जाऊन संपत होती.

बुडखा यंत्राने जमिनीखाली वीतभर दळून घेतला. संपूर्ण उपटायचा खर्च वेगळा आणि त्यात कुंपणाचा पाया हलला असता. दळलेला चुरा खड्ड्यातच मातीत मिसळून ठेवला तर तो कुजताना मातीतला नायट्रोजन ओढून घेतो, म्हणून बराचसा काढून बाहेर टाकला. जागा अजून दरवर्षी थोडी खचते, वरून माती टाकतो. ज्यांच्या घराखाली चिकणमाती आहे त्यांनी मोठं झाड काढायच्या आधी पायाचंही विचारून घ्यावं. झाड जे पाणी पीत होतं ते आता जमिनीत राहतं आणि माती फुगते. नवं झाड आम्ही त्याच जागी लावलं नाही. बुरशी मातीत राहिलेल्या मुळांत आणखी काही वर्षं तग धरते. जागा कुठली ते आईने ठरवलं, छपरापासून लांब, आणि या वेळी कुणी तिला विरोध केला नाही.

काम आटोपल्यावर काकूंनी कुंपणावरून विचारलं, “किती घेतले?” मी आकडा सांगितला. “जास्तच की हो,” त्या म्हणाल्या, आणि आपल्या कौलांकडे एकदा बघून, “त्यांचा नंबर देऊन ठेवा. आमच्या मागच्या झाडाचं विचारायचंय.” मी नंबर दिला, आणि ‘झाड तोडायचंय’ असं म्हणू नका, नुसतं बघायला या म्हणा, एवढं सुचवलं. काकूंनी अर्थातच तोडायचंय असंच सांगितलं. तो आला, बुंधा ठोकून बघितला, दोन वाळक्या फांद्या उतरवून त्यांचेच पैसे घेऊन गेला. झाड उभं आहे. काकू म्हणतात, याला धंदा करता येत नाही.